कात्तेरातला रस्ता जात नाही : किरुना ते नार्विक, पाच दिवस

दिवस पहिला : किरुना ते आबिस्को

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर स्वीडनमधल्या किरुनाच्या फलाटावर सकाळी चांगलाच गारठा असतो. समोरून लोहखनिजाची गाडी गेली तेव्हा डबे मोजले, पुरते ६८ भरले. पुढे दोन भागांचं जोडइंजिन, एकूण ताकद १०,८०० किलोवॉट. गाडीची लांबी साधारण ७५० मीटर आणि भरलेलं वजन ८,६०० टनांच्या घरात. ती गेल्यावर रुळांच्या कडेला पाहिलं तर खडीत हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या करड्या गोळ्या पडलेल्या होत्या. खनिज दळून, भाजून केलेल्या या गोळ्या डब्यांतून थोड्या थोड्या सांडतात. दाण्याच्या मानाने गोळी हाताला फारच जड लागते. इथून नॉर्वेतल्या नार्विक बंदरापर्यंत जिथे जिथे उतराल तिथे या दिसतील. हा मार्ग बांधला तोच मुळी त्यांच्यासाठी.

किरुनात एक दिवसही पुरतो. खाण जसजशी खोल जाते तसतशी वरची जमीन खचते, म्हणून अख्खं शहर पूर्वेकडे सरकवण्याचं काम चालू आहे. नवा शहरमध्य २०२२ मध्ये खुला झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये १९१२ सालचं लाकडी चर्च सबंधच्या सबंध उचलून सुमारे ५ किलोमीटरवर नेलं. जुनं रेल्वे स्टेशनही गेलं. सध्याचं तात्पुरतं स्टेशन गावाबाहेर आहे, तेव्हा हॉटेलातून निघताना बसची वेळ बघूनच निघावं.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढची स्टेशनं कळत नाहीत. खाणींपासून बॉथनियाच्या आखातावरच्या लुलेओ बंदरापर्यंतचा पहिला टप्पा १८८८ मध्ये एका इंग्रज कंपनीने पुरा केला. तो गेलिवारेच्या खाणीपर्यंतच होता. दुसऱ्याच वर्षी कंपनी बुडाली आणि १८९१ मध्ये स्वीडिश सरकारने तो मार्ग विकत घेतला. लुलेओची अडचण अशी की तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो. नॉर्वेच्या किनाऱ्यावर उबदार सागरी प्रवाहामुळे पाणी बारा महिने मोकळं राहतं. म्हणून १८९८ मध्ये दोन्ही देशांच्या संसदांनी डोंगर ओलांडून ओफोत फ्योर्डपर्यंत, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीपर्यंत, रूळ नेण्याचं ठरवलं. १८९९ मध्ये गाडी किरुनाला पोचली, १९०२ च्या अखेरीस नार्विकला, आणि १४ जुलै १९०३ रोजी राजा ऑस्कर दुसरा याच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं. शेजारून जाणारा मोटाररस्ता १९८४ मध्ये झाला. मधली ८२ वर्षं किरुनाच्या पश्चिमेकडच्या प्रत्येक वस्तीत माणूस, पीठ, टपाल आणि शवपेटी रेल्वेनेच आली आणि रेल्वेनेच गेली.

किरुना ते आबिस्को सव्वा तासाच्या आसपास. बसायचं ते उजव्या हाताच्या खिडकीत. मार्ग तॉर्नेत्रेस्क तलावाच्या दक्षिण काठाने जातो, त्यामुळे ७० किलोमीटर लांबीचा हा तलाव उजवीकडे राहतो. पुढे नॉर्वेतही फ्योर्ड त्याच बाजूला येतो.

आबिस्कोला दोन थांबे आहेत आणि इथे हमखास घोटाळा होतो. आधी येतो तो आबिस्को ओस्त्रा, म्हणजे गावाचा थांबा. किराणा दुकान आणि बरीचशी स्वस्त वसतिगृहं याच्या जवळ. त्यानंतर येतो आबिस्को तुरिस्तस्टेशन, राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असलेल्या पर्यटक निवासाचा. दोहोंत साधारण २ किलोमीटरचं अंतर आहे. ते सामान ओढत चालायचं नसेल तर निवास नेमका कुठल्या थांब्याजवळ आहे ते आधीच नोंदवून ठेवा.

दिवस दुसरा : आबिस्को

सकाळी निरभ्र आकाश. पश्चिमेकडे डोंगरावर ढगांची भिंत, आणि इथे डोक्यावर मात्र स्वच्छ निळं. याला योगायोग म्हणता येत नाही. अटलांटिकवरून येणारं बाष्प सरहद्दीच्या डोंगरावर रितं होतं आणि आबिस्को पर्जन्यछायेत राहतं. वर्षाला बर्फ धरून जेमतेम ३०० मिलिमीटर पर्जन्य, म्हणजे आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्याहूनही कमी. पश्चिमेला गाडीने तासाभराच्या आत असलेल्या रिक्सग्रेन्सेनला याच्या तिप्पट पडतं. महाबळेश्वरहून फलटणकडे उतरताना जो फरक जाणवतो, तोच इथे. ध्रुवीय प्रकाश पाहायला लोक आबिस्को का निवडतात त्याचं उत्तर यातच आहे. ऑगस्ट संपता संपता सूर्य साडेआठ-पावणेनऊला मावळतो आणि मध्यरात्रीच्या आसपास अंधार पुरेसा होतो. उत्तर क्षितिज उघडं हवं, म्हणून तलावाच्या काठावर जाऊन उभं राहावं.

गावाची गोष्ट रेल्वेपासूनच सुरू होते. रूळ आल्यावर वर्षभरातच, १९०३ मध्ये, शास्त्रज्ञांनी पुढच्या व्हास्सियाउरे स्टेशनाजवळ संशोधन केंद्र थाटलं. १९१० मध्ये ते आगीत गेलं. मग ते आबिस्कोला हलवलं आणि १९१३ पासून इथे हवामानाच्या नोंदी अखंड चालू आहेत. उत्तर ध्रुवीय प्रदेशातली तापमानवाढ मोजताना शंभरावर वर्षांची ही मालिका किती मोलाची ठरते हे वेगळं सांगायला नको. १९०९ मध्ये स्वीडनने एकदम नऊ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, त्यात आबिस्को होतं. इतक्या उत्तरेकडची जागा, पण तिथवर गाडीने पोचता येत होतं.

आबिस्कोयोक्का नदीची घळ स्टेशनापासून पाच मिनिटांवर. पाणी हिरवट निळं, दोन्हीकडे पाटीच्या दगडासारखे थर. कुंग्सलेडन ही सुमारे ४४० किलोमीटरची पायवाट इथेच सुरू होते. तिचे पहिले दोन-तीन किलोमीटर सपाट, बुटक्या बर्चच्या रानातून जातात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही झाडं पिवळीधमक होतात आणि खालची झुडपं लाल. डासांचा हंगाम जुलै ते ऑगस्टचा मध्य, त्यानंतर ते जवळजवळ नसतात. सुट्टी जुळत असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हाच काळ धरावा.

जेवणाबद्दल. रेनस्काव म्हणजे रेनडियरच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप, लोणी-सायीत परतून, सोबत कुस्करलेला बटाटा आणि आंबटगोड लिंगनबेरी. तलावातला रॉडिंग मासा धुरावलेला मिळाला तर सोडू नये, मांस गुलाबी आणि चरबी बेताची. काही ठिकाणी कॉफीत चीजचे तुकडे टाकून देतात. ते चीज विरघळत नाही, पनीरासारखं दाताखाली करकरतं. कॉफी देणाऱ्या बाईंनी कप पुढे करताना सांगितलं, आधी कॉफी प्यायची, चीज शेवटी चमच्याने खायचं. शाकाहारी माणसाचं मात्र बाहेर खाऊन भागत नाही. वसतिगृहांत सामायिक स्वयंपाकघर असतं, भांडी असतात. डाळ-तांदूळ, उपम्याचं पीठ, मेतकूट, चटणी घरून न्यावं, दूध-बटाटे-ब्रेड गावात मिळतं. ओढ्याचं पाणी सरळ पिण्याजोगं आहे.

आणखी दोन गोष्टी. उद्यानाच्या हद्दीत तंबू ठरवून दिलेल्या जागीच लावता येतो. स्वीडनमध्ये इतरत्र असलेली मोकळीक इथे चालत नाही. आणि रोख रक्कम जवळजवळ कुणी घेत नाही, त्यामुळे परदेशात चालणारी दोन कार्डं हवीत. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो. सरहद्दीवर गाडी न थांबता निघून जाते, तरी पासपोर्ट जवळ ठेवावा.

दिवस तिसरा : तॉर्नेहाम्न, व्हास्सियाउरे, रिक्सग्रेन्सेन

आबिस्कोनंतरचं स्टेशन ब्यॉर्कलिडेन. तिथून पश्चिमेला, तलावाच्या टोकाशी तॉर्नेहाम्न. नावातलं हाम्न म्हणजे बंदर. मार्ग बांधताना तलावावरून सामान आणून इथे उतरवत. आज उरलंय ते एक छोटं चॅपल आणि रेल्वेमजुरांची दफनभूमी.

या मजुरांना इकडे रालार म्हणतात. हजारोंच्या संख्येने ते स्वीडन-नॉर्वेच्या कानाकोपऱ्यातून आले. एकाने पहार धरायची, दोघांनी आळीपाळीने घण घालायचा, भोक पुरेसं खोल झालं की सुरुंग भरायचा. बोगदे आणि कड्यातल्या खाचा अशाच निघाल्या. अपघात आणि आजार रोजचे. बर्चच्या झाडीत पांढरे लाकडी क्रॉस रांगेने उभे आहेत, ठेंगणे, साधे. त्यांतला एक अन्ना नावाच्या बाईचा आहे. मजुरांच्या खानावळीत स्वयंपाक करणारी ‘काळी अस्वल’ ती हीच, असं सांगतात. तिच्याबद्दल दंतकथा पुष्कळ आहेत. एका बाईने भांडणात कपडे धुण्याच्या फळीने तिला मारलं, ही त्यांतली एक. पुरावा तोकडा आहे, पण नार्विकच्या हिवाळी उत्सवात आजही दरवर्षी एका बाईला ‘काळी अस्वल’ हा मान देतात. बांधकामावर जेवण रांधणाऱ्या बायकांची नावं सहसा कुठेच राहत नाहीत. इथे एक राहिलं. या क्रॉसपुढे दहा मिनिटं थांबावं असं मनापासून वाटतं.

व्हास्सियाउरे हे स्वीडनमधलं सर्वांत उत्तरेकडचं रेल्वे स्टेशन. लाल विटांची, मनोऱ्याची इमारत, एखाद्या छोट्या गढीसारखी. ओसाड माळावर एवढं बांधकाम कशाला, असं वाटतं. त्याला कारण आहे. वाफेच्या काळात दर थोड्या अंतरावर पाणी लागे, कोळसा लागे. एकेरी मार्गावर गाड्यांचं क्रॉसिंग करायला माणूस लागे. त्याखेरीज तारमास्तर, गँगमन, आणि हिवाळ्यात बर्फ उपसणाऱ्यांची टोळी. ही सगळी कुटुंबं स्टेशनाच्याच आवारात राहत.

मग एकेक काम कमी होत गेलं. स्वीडनकडे कोळसा नसल्यात जमा. पोर्युसच्या जलविद्युत केंद्राची वीज घेऊन किरुना ते सरहद्द हा टप्पा १९१५ मध्ये विजेवर आला, नॉर्वेची बाजू १९२३ मध्ये. पाण्याचे पंप आणि कोळशाचे ढीग गेले, त्यांच्यासोबत ती माणसं. पुढे सिग्नल आणि सांधे दूरवरच्या नियंत्रण कक्षातून हलू लागले, स्टेशन मास्तरही गेले. १९८४ चा रस्ता झाल्यावर देखभालीची टोळी किरुनाहून मोटारीने येऊन संध्याकाळी परत जाऊ लागली. खनिजाच्या गाड्या मात्र वाढल्या आणि जडही झाल्या. वाहतूक चढती आणि वस्ती उतरती, असा हा मार्ग आहे. कुठल्याही स्टेशनावर उतरलं की कुठलं घर कोणत्या कामासाठी बांधलं होतं ते विचारावं, म्हणजे जागा उलगडते.

मार्गावर ताण किती आहे ते डिसेंबर २०२३ मध्ये दिसलं. व्हास्सियाउरेच्या बाजूला खनिजगाडी रुळांवरून घसरली आणि सुमारे १५ किलोमीटर मार्गाची नासधूस झाली. दुरुस्तीला दोन महिने लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाहतूक सुरू झाली आणि त्याच महिन्यात दुसरी गाडी घसरली. एकेरी मार्ग, बर्फ आणि काळोख, त्यामुळे एका चाकाचा बिघाड सगळंच थांबवतो. प्रवाशांनी यातून घ्यायचं ते इतकंच, की परतीचं विमान आणि ही गाडी यांत एक अख्खा दिवस मोकळा ठेवावा.

रिक्सग्रेन्सेनचा शब्दशः अर्थ देशाची सीमा. उंची सव्वापाचशे मीटर, पण झाडं संपलेली. उतरताच बारीक पाऊस आणि बोचरा वारा. आबिस्कोत सकाळी ऊन सोडून आलो होतो. बर्फ रुळांवर साचू नये म्हणून मार्गावर छत घातलेलं आहे, बाहेरून लांबलचक गोठ्यासारखं दिसतं. इथे स्कीइंग मे महिन्यातही चालतं, हंगामअखेर मध्यरात्रीच्या उन्हात. ऑगस्टअखेर गाव जवळजवळ बंद असतं, जेवणाची सोय आधी विचारून घ्यावी.

दिवस चौथा : कात्तेरात आणि रोम्बाक्सबॉत्न

ब्यॉर्नफ्येल हे नॉर्वेतलं पहिलं स्टेशन. तिथवर रस्ता आहे. त्याच्या पुढे येतं कात्तेरात, उंची ३७४ मीटर, आणि तिथे रस्ता नाही. आजही नाही. पिवळट-तांबड्या लाकडी घरांचा पुंजका, स्टेशन, रूळ, आणि चारी बाजूंनी घसरणारा ग्रॅनाइट. एके काळी रेल्वेच्या कुटुंबांनी भरलेली ही घरं आता बरीचशी सुट्टीतल्या मुक्कामाची आहेत. आमच्यासोबत एक म्हातारं जोडपं उतरलं. त्यांनी डब्यातून दोन खोकी किराणा, एक गॅसची टाकी आणि खिडकीची नवी काच खाली घेतली. फलाटाच्या टोकाला हातगाडी ठेवलेलीच होती. काच घोंगडीत गुंडाळून, दोघांनी दोन बाजूंनी धरून ती गेली. या गावात प्रत्येक खिळा गाडीच्या दारातून आत येतो.

इथली सर्वांत महत्त्वाची सूचना याच गोष्टीतून निघते. देखभालीसाठी मार्ग बंद असला की प्रवासी गाडीऐवजी बस सोडतात. बस कात्तेरातला येऊ शकत नाही. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी त्या तारखेला गाडी खरोखर रुळांवरून जाणार आहे ना, आणि कात्तेरातला थांबणार आहे ना, हे तपासायचं. दिवसात गाड्या मोजक्याच. संध्याकाळची चुकली तर टॅक्सी नाही, लॉज नाही. झोपायची पिशवी, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि एका जेवणाचा शिधा पाठीवर असू द्यावा.

फलाटावर तासभर थांबून उतरणारी एक खनिजगाडी तरी पाहावी. भरल्या गाडीला चढ आहे तो स्वीडनच्या बाजूला, दर हजारी १० मीटरच्या आत ठेवलेला. नॉर्वेच्या बाजूला उतार दर हजारी १७ पर्यंत जातो. कर्जत-लोणावळ्याच्या ३७ ला १, म्हणजे दर हजारी २७, या चढापुढे तो सौम्य, पण तिथे ८,६०० टनांची गाडी उतरत नाही. उतरताना मोटरी जनित्रं होतात आणि वीज तारेत परत जाते. हिशेब सोपा आहे. ८,६०० टन वजन ५०० मीटर खाली आलं की सुमारे ११,७०० युनिट ऊर्जा सुटते. घर्षणात आणि यंत्रात काही जाते. रिकामी गाडी दोन हजार टनांच्या आत असते, तिला तेवढंच चढवायला अडीच हजार युनिटांच्या आसपास लागतात, वर घर्षणाचे. म्हणजे उतरणारी भरली गाडी चढणाऱ्या रिकाम्या गाडीची सोय करून वर उरवते. कानांना हे सगळं एका खालच्या, न तुटणाऱ्या गुणगुणण्यासारखं ऐकू येतं. ब्रेक करकचण्याचा आवाज जवळजवळ नाही.

कात्तेरातहून खाली रालार वाट जाते, थेट रोम्बाक्सबॉत्नला, समुद्रसपाटीपर्यंत. रूळ टाकण्याआधी सामान चढवायला ही वाट बांधली. फ्योर्डच्या टोकाशी जहाजं लागायची, तिथून घोडागाड्यांनी लोखंड, सुरुंगाची दारू, लाकूड वर यायचं, त्यामुळे डोंगरात एकाच वेळी अनेक ठिकाणी काम सुरू करता आलं. वाटेच्या कडेचे रचीव दगड सव्वाशे वर्षांनंतरही हललेले नाहीत. ब्लूबेरी दोन्हीकडे हाताशी.

खाली रोम्बाक्सबॉत्नमध्ये १८९८ नंतर चार वर्षं दुकानं, खाणावळी, हॉटेल असलेलं गाव उभं होतं. पहिली गाडी धावली आणि गावाची गरज संपली. घरं उकलून लाकूड दुसरीकडे नेलं. आता गवतात पायाचे दगड तेवढे सापडतात. किनाऱ्याशी एका युद्धनौकेचं गंजलेलं नाक पाण्याबाहेर आलेलं आहे. ही जर्मन विनाशिका गेओर्ग थीले. १३ एप्रिल १९४० च्या नार्विकच्या दुसऱ्या आरमारी लढाईत तिच्या कप्तानाने तिला इथे किनाऱ्यावर घातली. जर्मनी नार्विकपर्यंत आला तो याच खनिजासाठी. त्या दिवसांत माघार घेणाऱ्या नॉर्वेजियन सैनिकांनी ब्यॉर्नफ्येल आणि कात्तेरातच्या मधला नॉरदाल पूल उडवण्याचा प्रयत्न केला. १८० मीटर लांब आणि ४० मीटर उंच पोलादी पूल, पण नुकसान अर्धवटच झालं. १९८८ मध्ये मार्ग बाजूला वळवला, पूल मात्र ठेवलेला आहे.

जाताना उतार म्हणून वेळ चुकते. परत कात्तेरातला येताना ३७४ मीटर चढायचे आहेत, ओल्या दगडावरून. चढाला उताराच्या दीडपट वेळ धरा. जवळचा मार्ग म्हणून रुळांवरून कधीही चालू नका. बोगद्यात सरकायला जागा नसते, आणि भरली गाडी माणूस दिसला म्हणून थांबू शकत नाही. घोट्यापर्यंतचे बूट हवेत, पावसाचा कोट वरच ठेवावा. स्वीडनमधलं कोरडं हवामान सरहद्दीपाशीच संपलेलं असतं.

दिवस पाचवा : नार्विक

कात्तेरातहून खाली, पुन्हा उजवी खिडकी. रूळ कड्याच्या मधोमध, फ्योर्ड सरळ पायाखाली. बोगद्यांच्या मधल्या काही सेकंदांतच तो दिसतो, कॅमेरा आधीच तयार ठेवावा लागतो. इंग्रज कंपनीने बंदराच्या या जागेचं नाव व्हिक्टोरियाहाव्न ठेवलं होतं. पुढे ते नार्विक झालं, आणि १९०२ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला.

गावातल्या युद्ध संग्रहालयाला दोन तास द्यावेत. एप्रिल-जून १९४० चा क्रम तिथे नीट लागतो. २८ मे रोजी दोस्त सैन्याने हे शहर परत घेतलं आणि दहा-बारा दिवसांतच फ्रान्समधल्या पराभवामुळे सोडून दिलं. जेवायला वाफल्स आणि वर तपकिरी चीज, चवीला आपल्या खरवडलेल्या खव्याच्या जवळचं, थोडं खारट.

मग बंदराकडे. गाडी हळूहळू पुढे सरकत असतानाच डब्यांचे तळ उघडतात आणि गोळ्या डोंगरात कोरलेल्या कोठारांत पडतात. आत जाता येत नाही. कुंपणाबाहेरून रिकामी गाडी परत निघताना दिसते. डबे मोजले, ६८. किरुनाच्या दिशेने चढाला लागली.